जंजिऱ्याचा 'सिद्दी' नेमका कोण होता? आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या याकूत खानाची गोष्ट

शिवाजी महाराजांचा इतिहास वाचताना एक नाव सतत आडवं येतं. जंजिऱ्याचा सिद्दी. महाराजांनी मोहिमा काढल्या, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून पाहिला, पुढे पेशव्यांनी फौजा धाडल्या. तरी जंजिरा हाती लागला नाही आणि सिद्दी जागचा हलला नाही.

हे ऐकताना वाटतं, की सिद्दी म्हणजे कुणी एकच माणूस होता आणि तो शे-दीडशे वर्षं किल्ल्यात ठाण मांडून बसला होता. पण सिद्दी हे एका माणसाचं नाव नाही. ती एका समाजाची ओळख आहे, आणि या समाजाची मुळं समुद्रापलीकडे आफ्रिकेत आहेत.

या सिद्द्यांपैकी मराठ्यांना सगळ्यात जास्त काळ झुंजवलं ते सिद्दी कासिमने. बादशहाने दिलेल्या याकूत खान या किताबाने तो जास्त ओळखला जातो. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि मुंबईचे इंग्रज या तिघांशीही तो लढला. त्याची गोष्ट समजून घ्यायची तर आधी हे लोक कोकणात आले कसे, ते पाहावं लागेल.

'हबशी' आणि 'सिद्दी' हे शब्द आले कुठून?

आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे जुना ॲबिसिनिया. अरबी भाषेत त्याला हबश म्हणत. तिथून आलेला तो हबशी. सिद्दी हा शब्द मूळच्या अरबी 'सय्यदी' या संबोधनापासून आला असं मानलं जातं. त्याचा अर्थ माझे धनी किंवा माझे मालक. ज्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं, त्यांच्याच वंशजांना पुढे मालक या अर्थाचं नाव मिळालं.

आफ्रिकेतल्या गुलामांचा व्यापार म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापार नेली गेली आणि ऊस-कापसाच्या मळ्यांत जुंपली गेली. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असाच एक व्यापार त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून अरब व्यापारी माणसं विकत घेत आणि मोसमी वाऱ्यांवर त्यांची जहाजं अरबस्तान, इराण आणि भारताच्या किनाऱ्याला लागत.

या दोन व्यापारांत एक मोठा फरक होता. भारतात आणलेल्या हबशांना शेतावर राबवण्यापेक्षा सैन्यात, जहाजांवर आणि सरदारांच्या वाड्यांवर ठेवण्याकडे कल होता. परक्या मुलखातून आलेला, इथे नातीगोती नसलेला माणस धन्याशी जास्त इमानी राहील, असा त्यामागचा हिशेब होता. त्यामुळे हबशी गुलामाला शिपाई, मग जमादार, मग सरदार होण्याची वाट मोकळी असे. १४व्या शतकात भारतात आलेला प्रवासी इब्न बतूता या समुद्रातल्या जहाजांवर हबशी रक्षक असल्याचं नमूद करतो. चाचे त्यांना वचकून असत. बंगालमध्ये तर १५व्या शतकाच्या शेवटी काही वर्षं हबशी सुलतानांनीच राज्य केलं.

दख्खनमधलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवलं. तेच पुढचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्याच काळात रायगडच्या किनाऱ्यावर हबशांची सत्ता घट्ट झाली.

कोळ्यांचा मेढेकोट ते हबशांचा जंजिरा

मुरूडजवळ राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. तिच्या तोंडाशी एक खडकाळ बेट आहे. जंजिरा हा शब्द बेट या अर्थाच्या 'जझीरा' या अरबी शब्दापासून आला. या बेटावर आधी कोळ्यांची वस्ती होती. चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी लाकडी मेढी रोवून कोट उभा केला होता. म्हणून तो मेढेकोट. राम पाटील हा त्यांचा म्होरक्या.

१५व्या शतकाच्या शेवटी निजामशाहीने हा कोट घेतला. पिरमखान नावाचा सरदार व्यापाऱ्याच्या वेशात आला, कोळ्यांना त्याने दारू पाजली आणि गलबतात लपवलेले शिपाई बाहेर काढून बेट ताब्यात घेतलं, अशी कथा सांगतात. पुढे तिथे दगडी तटबंदी उभी राहिली आणि कारभार हबशी सरदारांकडे गेला. सिद्दी अंबर हा जंजिरा संस्थानाचा मूळ पुरुष मानला जातो.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि हा किनारा विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. आदिलशहाने सिद्द्यांना कायम ठेवलं. बदल्यात त्यांनी सागरी व्यापाराचं आणि मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांचं रक्षण करायचं, असं ठरलं.

जंजिऱ्याची एक गोष्ट तेव्हाच्या इतर राज्यांपेक्षा वेगळी होती. इथे बापाच्या मागे मुलगा गादीवर बसेलच असं नव्हतं. प्रमुख गेला की आरमारातल्या वरिष्ठ सिद्दी सरदाराकडे सत्ता जाई. त्यामुळे अंगात धमक असलेल्या माणसाला वर येता येत होतं. कासिम असाच वर आला.

१६७० : तीन सिद्द्यांचा उठाव

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्य समुद्राला भिडलं. तेव्हापासून सिद्द्याशी झगडा सुरू झाला. सिद्द्याच्या होड्या किनाऱ्यावरच्या गावांत शिरत, लूट करत, माणसं धरून नेत. महाराजांनी आरमार उभारलं त्यामागचं हे एक मोठं कारण होतं. जंजिऱ्यासमोर किनाऱ्यावर असलेली दंडा-राजपुरी मराठ्यांनी घेतली, पण समोरचं बेट हाती येत नव्हतं.

१६६९-७० मध्ये महाराजांनी वेढा इतका आवळला की जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान टेकीला आला. किल्ला सोडून देऊन त्या बदल्यात जहागीर घ्यायला तो तयार झाला. मराठ्यांच्या हाती जंजिरा यायला आता थोडंच उरलं होतं.

कासिम इतिहासात ठळकपणे दिसतो तो याच क्षणी. सिद्दी संबुल, सिद्दी कासिम आणि सिद्दी खैर्यत या तिघांना फत्तेखानाचा बेत मान्य नव्हता. त्यांनी त्याला कैद केलं, किल्ला ताब्यात घेतला आणि आदिलशाहीऐवजी थेट औरंगजेबाकडे मदत मागितली. बादशहाला कोकण किनाऱ्यावर मराठ्यांना रोखणारं आरमार हवंच होतं. त्याने सिद्द्यांना मुघल चाकरीत घेतलं आणि सुरतेच्या महसुलातून त्यांच्या आरमाराचा खर्च लावून दिला. संबुल आरमाराचा प्रमुख झाला, कासिमकडे जंजिरा आला आणि खैर्यतकडे किनाऱ्यावरची बाजू.

या एका निर्णयाने कोकणातला डाव फिरला. आता जंजिऱ्यामागे सगळ्या मुघल साम्राज्याची ताकद उभी होती.

होळीची रात्र

१६७१ च्या होळीला दंडा-राजपुरीच्या किल्ल्यात मराठे शिपाई सणात दंग होते. कासिमने नेमकी तीच रात्र निवडली. खैर्यतने जमिनीच्या बाजूने हल्ला चढवून गडबड उडवून दिली. किल्ल्यातले शिपाई तिकडे धावले आणि दुसऱ्या बाजूने कासिमची माणसं होड्यांतून उतरून, दोर-शिड्या लावून तटावर चढली. झटापटीत दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. दंडा-राजपुरी मराठ्यांच्या हातून गेली. त्या रात्री महाराज बऱ्याच कोसांवर होते, तरी ते दचकून जागे झाले आणि राजपुरीवर काहीतरी संकट आल्याचं बोलले, अशी आख्यायिका आहे.

पण त्यानंतर घडलेला प्रकार आख्यायिकेपेक्षा जास्त लक्षात ठेवण्यासारखा आहे. आसपासची छोटी ठाणी सिद्द्यांनी एकामागून एक घेतली. मुघल बखरकार खाफी खान लिहितो, की शरण आलेल्या ठाण्यातल्या पुरुषांना मारलं गेलं आणि तरुण बायका व मुलांना गुलाम केलं गेलं. खाफी खान मुघलांच्या बाजूचा लेखक आहे, त्यामुळे सिद्द्यांना बदनाम करण्यासाठी त्याने हे लिहिलं असं म्हणता येत नाही.

माणसं धरून विकण्याच्या व्यापारातून ज्यांचे पूर्वज या किनाऱ्याला लागले, त्यांनीच इथल्या कोळ्या-कुणब्यांच्या मुलांना धरून नेलं. कासिमची गोष्ट सांगताना हे सोडून पुढे जाता येणार नाही. पूर्वजांवर अन्याय झाला म्हणून पुढची पिढी आपोआप दयाळू होते, असं इतिहासात सहसा घडत नाही.

पद्मदुर्ग, खांदेरी आणि उंदेरी

जंजिऱ्याला शह द्यायचा तर जवळच्याच बेटावर आपला किल्ला हवा, हे महाराजांनी ओळखलं. जंजिऱ्याच्या वायव्येला कांसा नावाच्या खडकावर पद्मदुर्ग उभा राहू लागला. सिद्द्याच्या तोफांच्या धाकात हे काम चालू होतं. त्यासाठीची रसद वेळेत पोचली नाही, तेव्हा प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना महाराजांनी १६७५ च्या जानेवारीत खरमरीत पत्र लिहिलं. आरमाराच्या कामातली दिरंगाई म्हणजे शत्रूला मदत, असा त्या पत्राचा रोख आहे.

१६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जंजिऱ्यावर आले. लाय पाटील या कोळी वीराने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून ठेवल्याचं सांगतात. पण मागून येणारी फौज वेळेवर पोचली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी लाय पाटलाला पालखीचा मान देऊ केला. समुद्रावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असं त्याचं म्हणणं पडलं. मग महाराजांनी त्याला एक गलबत दिलं आणि त्या गलबताचं नाव पालखी ठेवलं.

इकडे सिद्द्यांमध्येच फूट पडली. औरंगजेबाने संबुलला काढून आरमाराचं प्रमुखपद कासिमला दिलं. सोबत याकूत खान हा किताबही आला. संबुल जहाजं सोडायला तयार होईना. सिद्द्यांचं आरमार पावसाळ्यात मुंबईत माझगावला मुक्कामाला असे. १६७७ मध्ये तिथेच दोघांच्या माणसांत मारामारी झाली. अखेर इंग्रजांच्या मध्यस्थीने आरमार कासिमकडे आलं. संबुलचा पुतण्या सिद्दी मिस्री पुढे मराठ्यांच्या आरमारात गेला आणि कासिमविरुद्ध लढताना त्याला जीव गमवावा लागला.

म्हणजे सगळे सिद्दी एका बाजूला होते, हेही खरं नाही. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आदिलशाहीचा सरदार होता, त्याचा जंजिऱ्याच्या गादीशी संबंध नव्हता. आणि त्याच वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढत होता. आफ्रिकेतून आलेले योद्धे दख्खनच्या राजकारणात इतके मिसळले होते, की जवळपास प्रत्येक फौजेत ते सापडतात.

१६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी यांनी इंग्रजांच्या जहाजांना न जुमानता काम चालू ठेवलं. इंग्रजांच्या मदतीला कासिम आपलं आरमार घेऊन आला. पण लवकरच त्याच्या लक्षात आलं, की खांदेरी मिळाली तरी ती इंग्रज आपल्याला देणार नाहीत. मग १६८० च्या जानेवारीत त्याने शेजारचं उंदेरी बेट गुपचूप ताब्यात घेतलं आणि तिथे तोफा चढवल्या. खांदेरी मराठ्यांची, उंदेरी सिद्द्याची आणि मध्ये जेमतेम एक चिंचोळी खाडी. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून ही दोन्ही बेटं आजही शेजारी-शेजारी दिसतात.

संभाजी महाराजांचा सेतू

एप्रिल १६८० मध्ये शिवाजी महाराजांचं निधन झालं. संभाजी महाराजांनी जंजिऱ्याचा प्रश्न नेटाने हाती घेतला. पन्हाळा मूठभर माणसांनिशी जिंकणारे कोंडाजी फर्जंद फितूर झाल्याचं सोंग करून जंजिऱ्यात शिरले. आतून दारूकोठार उडवायचं, असा बेत होता. तो फुटला आणि सिद्द्याने कोंडाजींना ठार मारलं.

त्यानंतर १६८१-८२ मध्ये खुद्द संभाजी महाराज राजपुरीला आले. तोफांचा मारा करून तट पाडायला सुरुवात झाली. किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड-लाकडांचा भराव टाकून वाट बांधायचं काम सुरू झालं. पण इतक्यात मुघल सरदार हसन अली खान कल्याणच्या बाजूने कोकणात उतरला. महाराजांना वेढा सोडून रायगडाकडे फिरावं लागलं.

जंजिरा अजिंक्य का राहिला, याचं बरंचसं उत्तर या प्रसंगात आहे. उंच तट, लांब पल्ल्याच्या तोफा, किल्ल्यातले गोड्या पाण्याचे तलाव आणि भरती-ओहोटीचं गणित, हे सगळं होतंच. पण जंजिऱ्याचा गळा आवळला जाई, तेव्हा मुघल फौज दुसरीकडे आघाडी उघडे. १६७० मध्ये तीन सिद्द्यांनी जोडलेला हा धागा दर वेळी कामी आला.

मुंबईला वर्षभर वेढा

कासिमच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसी मोहीम मराठ्यांविरुद्ध नव्हती, ती इंग्रजांविरुद्ध होती.

ईस्ट इंडिया कंपनीचा भारतातला प्रमुख जॉन चाइल्ड याने १६८०च्या दशकाच्या शेवटी मुघलांशी भांडण उकरून काढलं आणि मुघलांची जहाजं पकडली. औरंगजेबाने याकूत खानाला पुढे केलं. एप्रिल १६८९ मध्ये कासिमच्या फौजा शिवडीला उतरल्या. माझगाव पडलं, माहीम पडलं. इंग्रज बेटाच्या दक्षिणेला किल्ल्यात कोंडले गेले. पुढच्या काळात सगळा देश ताब्यात घेणारी कंपनी त्या वर्षी एका हबशी आरमारप्रमुखापुढे हतबल होऊन बसली होती.

शेवटी कंपनीने बादशहाकडे माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला आणि चाइल्डला काढून टाकण्याची अट मान्य केली. चाइल्ड त्याआधीच मुंबईत वारला. जून १६९० मध्ये कासिमने मुंबई सोडली. जाताना माझगावचा किल्ला त्याने उद्ध्वस्त केला.

याच सुमारास संभाजी महाराजांची हत्या झाली होती आणि नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मुघलांकडे गेला होता. पुढे रायगडही सिद्द्याच्या ताब्यात आला. मराठ्यांना तो परत मिळायला १७३३ साल उजाडलं.

खोकरीच्या घुमटाखाली

१६९६ मध्ये खैर्यत वारला आणि जंजिऱ्याचा कारभारही कासिमकडे आला. हिजरी सन १११८, म्हणजे इसवी सन १७०६-०७ मध्ये कासिमचा मृत्यू झाला. राजपुरीजवळ खोकरी गावात दगडी घुमट आहेत. त्यांपैकी सगळ्यात मोठा नंतरच्या सिद्दी सुरूल खानाचा. उरलेल्या दोन घुमटांखाली कासिम आणि खैर्यत शेजारी-शेजारी आहेत. जंजिरा पाहायला येणारी बहुतेक मंडळी राजपुरीच्या धक्क्यावरून थेट होडीत बसतात, त्यामुळे इथे फारसं कुणी येत नाही.

जंजिरा संस्थान त्यानंतरही अडीचशे वर्षांच्या आसपास टिकलं. आरमारातून सत्ता मिळवण्याची जुनी पद्धत मागे पडून नवाबांची घराणेशाही आली. १७९१ मध्ये या घराण्याच्या एका शाखेला गुजरातमध्ये सुरतेजवळचं सचिन हे संस्थान मिळालं. १९४८ मध्ये जंजिरा भारतीय संघराज्यात विलीन झालं.

आजचे सिद्दी कुठे आहेत?

जंजिऱ्याचे हबशी सरदार हा सिद्दी समाजाचा फक्त एक भाग. गुजरात, कर्नाटक आणि गोव्यातले बहुतेक सिद्दी ज्यांचे वंशज आहेत, त्यांना अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलं होतं. जनुकीय अभ्यासांत त्यांचं नातं बांतू भाषा बोलणाऱ्या लोकांशी जुळतं. हे बांतू भाषिक काही हजार वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमाभागातून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरत गेले.

या लोकांच्या वाट्याला किल्ले आणि किताब आले नाहीत. पण आफ्रिकेच्या आठवणी त्यांनी जास्त जपल्या. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बाबा गोर यांचा दर्गा आहे. हे संत आफ्रिकेतून आले आणि त्यांनी अकीकाचा व्यापार वाढवला, अशी श्रद्धा आहे. तिथे मुगरमान हा मोठा ढोल आणि मलुंगा हे धनुष्यासारखं तंतुवाद्य वाजतं आणि धमाल नाच रंगतो. या नाचाला गोमा असंही म्हणतात आणि हा शब्द ढोलासाठीच्या बांतू भाषांतल्या 'न्गोमा' या शब्दाशी जुळतो. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यातले सिद्दी कोकणीची एक बोली बोलतात, आणि त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून 'कवंद' नावाच्या गोधड्या शिवतात. २००३ मध्ये कर्नाटकातल्या सिद्द्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातमधल्या हिराबाई लोबी यांना सिद्दी महिलांसाठी केलेल्या कामाबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

तरीही रंग आणि केसांकडे बघून कुठून आलात, हा प्रश्न भारतात जन्मलेल्या सिद्द्यांना आजही विचारला जातो.

आपल्या इतिहासात सिद्दी येतो तो शत्रू म्हणून, आणि कासिमच्या बाबतीत ते चूक नाही. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांनी त्याचे वार सोसले आहेत. पण शत्रू म्हणजे परका, हे समीकरण इथे लागू पडत नाही. कासिम मेला तेव्हा हबशांना या किनाऱ्यावर येऊन दोनशे वर्षं होत आली होती. त्याचं आरमार इथल्या खाड्यांत वाढलं, त्याच्या किल्ल्याचा दगड इथला आणि त्याची कबरही इथेच आहे. जंजिऱ्याची होडी पकडण्याआधी अर्धा तास काढून खोकरीला जाऊन या. मराठ्यांशी सगळ्यात जास्त काळ समुद्रावर लढलेला माणूस तिथे कोकणच्याच मातीत विसावला आहे.